बाथटब काढून केलेल्या शॉवरच्या सदोष कामाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शॉवरच्या जमिनीचा उतार, निचरा व वॉटरप्रूफिंग सदोष असल्याने ते काम मुळापासून पुन्हा करून मिळण्याबाबत

संदर्भ : आपलं करारपत्र, मंजूर आराखडा आणि आपल्या पर्यवेक्षकांच्या सहीचा काम पूर्ण झाल्याचा अहवाल

महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या घरातला बाथटब काढून त्या जागी मोठा शॉवर करण्याचं काम आपल्या कंपनीने केलं. शॉवर वापरायला लागल्यापासून पाणी काचेखालून बाहेर येतं, आतल्या कोपऱ्यात साचून राहतं, आणि आता भिंतीपलीकडच्या बेडरूममध्ये ओल उतरली आहे. तक्रार केली की आपल्याकडून एक माणूस सिलिकॉनची नळी घेऊन येतो, काचेच्या कडेला नवी पट्टी ओढतो आणि जातो. थोड्या दिवसांत पुन्हा तेच. मला यापुढे सिलिकॉन नको आहे. फरशी उखडून खालचा उतार, पाइप आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करून हवं आहे. ही मागणी का करते आहे ते सविस्तर लिहिते, म्हणजे हे पत्र ज्यांच्याकडे जाईल त्यांना फोन करून सगळं पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.

टब काढण्याचं कारण मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. टबाची कड जवळजवळ अर्धा मीटर उंच. ती ओलांडताना एक पाय ओल्या गुळगुळीत तळावर आणि दुसरा बाहेर, अशा अवस्थेत त्यांचा तोल दोनदा गेला. आम्हाला चालत आत जाता येईल, आत खुर्ची ठेवून बसता येईल आणि गरज पडली तर मदतीला दुसरं माणूस उभं राहू शकेल, असा शॉवर हवा होता. म्हणून टबाच्या जागेत शेजारच्या कपाटाची जागाही घेतली. आराखड्यात शॉवरची लांबी दीड मीटर, रुंदी १.१ मीटर आणि उंबरा जास्तीत जास्त २० मिलिमीटर लिहिला आहे. मापं आपण बरोबर पाळलीत. भिंतीवरच्या टाइल्सचं कामही स्वच्छ आहे, सांधे सरळ आहेत, हे मी मुद्दाम नमूद करते. बिघाड आहे तो टाइल्सच्या खाली.

टब असतो तेव्हा पाणी धरून ठेवायचं काम टबच करतो. त्याखालची जमीन सपाट असो की खडबडीत, काही फरक पडत नाही, कारण पाणी तिथवर पोहोचतच नाही. टब काढला की ते सगळं काम टाइल्सखालच्या थराकडे येतं. टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट पाणी अडवत नाही, ते थोडं थोडं पाणी पितंच. म्हणून शॉवरमध्ये खरं भांडं म्हणजे खालचा उतार दिलेला थर आणि त्यावरचं वॉटरप्रूफिंग. टाइल्स हा त्यावरचा नुसता पेहराव. आपल्या माणसांनी टबाची जागा मोकळी केली, पण टब जे काम करत होता ते दुसऱ्या कशावर सोपवलंच नाही. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीची आहे.

आधी उताराचं बघा. टबाचा निचरा एका टोकाला, भिंतीलगत होता. आराखड्यात शॉवरच्या निचऱ्याची जाळी मध्यभागी दाखवली आहे. प्रत्यक्षात ती टबाच्या जुन्याच जागी, कोपऱ्यात बसवली आहे. पाइप हलवायला जमीन फोडावी लागली असती, ते टाळलं गेलं, एवढंच कारण मला दिसतं. पण त्याचा परिणाम किती होतो ते साध्या हिशेबात कळतं. जाळी कोपऱ्यात असेल तर समोरचा कोपरा तिच्यापासून सुमारे १.८५ मीटर दूर पडतो. शॉवरच्या जमिनीला मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर उतार लागतो, म्हणजे समोरचा कोपरा जाळीपेक्षा जवळजवळ ३७ मिलिमीटर उंच हवा. उंबरा २० मिलिमीटरचा ठेवून एवढी खोली मिळणार कुठून? जाळी मध्यभागी असती तर सगळ्यात लांबचा कोपरा एक मीटरच्या आत राहिला असता आणि १९ मिलिमीटरमध्ये काम भागलं असतं. आराखडा करणाऱ्या आपल्याच माणसाने हा विचार केलेला होता. जागेवर तो बाजूला ठेवला गेला.

मी ओळखीच्या एका गवंड्याला बोलावून पाणसळ लावून बघितली. जाळीजवळच्या पहिल्या मीटरमध्ये फक्त ६ मिलिमीटर उतार आहे. पुढे जमीन सपाट. आणि काचेजवळच्या पट्ट्यात पाणसळीचा बुडबुडा चक्क उलट्या बाजूला सरकतो, म्हणजे तिथला उतार बाहेर दाराकडे आहे. त्याने काचेच्या कडेपासून हातभर आत एक मग पाणी हळूच ओतलं. पाणी क्षणभर जागेवर फुगून उभं राहिलं, मग त्याची एक जाड धार जाळीकडे पाठ करून काचेखाली शिरली आणि पायपुसण्यापर्यंत गेली. याचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. आपल्या कार्यालयातून मला सांगण्यात आलं की कुठल्याही शॉवरमध्ये थोडं पाणी राहतंच, आंघोळीनंतर वायपर मारावा. टाइल्सवर राहिलेले थेंब पुसायला माझी हरकत नाही. पण पाणी जाळीकडे वाहत नेणं हे जमिनीचं काम आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईने रोज वाकून वायपर मारायचा असेल तर टब काढून आम्ही काय मिळवलं?

पाइपचंही तसंच. करारात निचऱ्याचा पाइप ५० मिलिमीटर लिहिला आहे. टाइल्स लागण्याच्या आदल्या संध्याकाळी मी मोबाइलवर काढलेल्या फोटोत टबाचा जुना ४० मिलिमीटरचा पाइप आणि त्याचा पिवळा पडलेला कॉलर स्पष्ट दिसतो. त्याच्यावरच नवी जाळी बसवली आहे. टबाला बारीक पाइप चालतो, कारण पाणी सावकाश गेलं तरी ते टबातच थांबतं. शॉवरमध्ये जितकं पाणी वरून येतं तितकं त्याच वेगाने खाली जायला हवं. ५० मिलिमीटरच्या पाइपचं तोंड ४०च्या मानाने दीडपटीहून मोठं असतं. वर आपण मोठा पावसासारखा शॉवर बसवलात आणि खाली जुना पाइप तसाच ठेवलात. जाळीत चार केस अडकले तरी पाणी वर चढतं, आणि अशा उताराच्या जमिनीवर चढलेलं पाणी बाहेरच जाणार.

वॉटरप्रूफिंगबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण इथे निष्काळजीपणाच्या पुढची गोष्ट आहे. करारात लिहिलं आहे की लेपाचे दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा फिरवायचा, शॉवरच्या भिंतींना तो १.८ मीटर उंचीपर्यंत न्यायचा आणि टाइल्स लावण्यापूर्वी जाळी बंद करून २४ तास पाणी भरून ठेवायचं. पाण्याची पातळी उतरते का, बाहेर कुठे ओल दिसते का, हे बघायला ही चाचणी असते. तीत दोष सापडला तर दुरुस्ती लेपाच्या एका हातात होते. टाइल्स लागल्यावर तोच दोष सापडला तर सगळी फरशी काढावी लागते. चाचणीचं महत्त्व एवढ्यासाठीच.

आमच्याकडे काय झालं? माझ्या त्याच फोटोत लेपाचा एकच हात दिसतो. ब्रशचे फराटे सगळे एका दिशेने आहेत आणि त्यांच्यामधून खालचं सिमेंट दिसतं. भिंतीवर लेप जेमतेम वीतभर चढला आहे. ही भिंत आजवर टबाच्या कडेमागे झाकलेली होती, तिच्या खालच्या भागाला पाण्याची सवयच नाही, म्हणजे उलट तिथे जास्त काळजी हवी होती. हा लेप संध्याकाळी मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाइल्सवाले कामाला लागले. तरीही काम पूर्ण झाल्याच्या अहवालात ‘२४ तास पाणी भरून चाचणी : समाधानकारक’ असं लिहून पर्यवेक्षकांनी सही केली आहे. एका रात्रीत २४ तास बसत नाहीत. शिवाय त्या रात्री तिथे पाणी भरलेलं नव्हतं, आम्ही सगळे घरातच होतो. जी चाचणी झालीच नाही ती झाली असं लिहून देणं याला चूक म्हणत नाहीत. या अहवालाबद्दल मला आपल्याकडून स्वतंत्र लेखी खुलासा हवा आहे.

आजची स्थिती अशी आहे. शॉवरच्या पलीकडे बेडरूमच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फुगवटे आले आहेत आणि खाली पोपडे पडतात. बाथरूमच्या लाकडी चौकटीचा एक पाय तळाशी फुगला आहे, दार घासतं. शॉवरच्या आतल्या कोपऱ्यातलं ग्राउट काळपट झालं आहे आणि दोन दिवस शॉवर बंद ठेवला तरी ते वाळत नाही, याचा अर्थ खाली पाणी साठून आहे. अशा वेळी काचेच्या कडेला सिलिकॉन भरलं की बाहेर दिसणारं पाणी तेवढं थांबतं. मग ते आतच जास्त वेळ उभं राहतं आणि सांध्यांतून खाली मुरतं. आपला प्रत्येक सिलिकॉनचा हात बेडरूमची भिंत आणखी ओली करत आला आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात लिहिते, पण त्या किरकोळ नाहीत. आधाराची दांडी टाइलला भोकं पाडून प्लास्टिकच्या गुट्ट्यांवर बसवली आहे. आराखड्यात दांडीच्या उंचीवर, म्हणजे ८५ ते ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, भिंतीच्या आत भक्कम आधार द्यायचा होता, तो दिलेला नाही. दांडी आत्ताच हलते. घसरणारा माणूस दांडी धरतो तेव्हा त्याचं सगळं वजन एका झटक्यात तिच्यावर येतं, आणि तेव्हा निखळणारी दांडी नसलेल्या दांडीपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्या भरवशावर असतो. सासूबाईंना आम्ही ती धरू देत नाही.

गरम-गार पाण्याचा मिक्सर थर्मोस्टॅटिक, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप एकसारखं ठेवणारा, ठरला होता, साधा बसवला आहे. घरात दुसरीकडे गार पाण्याचा नळ सोडला की शॉवरचं पाणी एकदम कढत होतं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि वयस्क माणूस तेवढ्यात बाजूला होऊ शकत नाही. काच टफन, म्हणजे उष्णता देऊन मजबूत केलेली, असल्याचा शिक्का तिच्यावर कुठेही सापडत नाही, त्याचं प्रमाणपत्र द्यावं. काचेचं माप टाइल्स लागण्याआधीच घेतल्यामुळे एका बाजूला वरपासून खालपर्यंत निमुळती फट राहिली आहे. टफन काच नंतर कापता किंवा घासता येत नाही, तेव्हा नवी काच मागवताना माप टाइल्स पूर्ण झाल्यावरच घ्यावं.

माझी मागणी अशी आहे. शॉवरची फरशी आणि भिंतींच्या खालच्या टाइल्स काढाव्यात, साठलेलं पाणी आणि ओल पूर्ण वाळू द्यावी. जाळी आराखड्याप्रमाणे मध्यभागी आणावी आणि तिथपासून ५० मिलिमीटरचा पाइप टाकावा. चारही बाजूंनी जाळीकडे उतार द्यावा आणि लेप मारण्यापूर्वी तो मला पाणसळीवर दाखवावा. लेपाच्या दोन्ही हातांचे तारखेसह फोटो द्यावेत. २४ तासांची चाचणी माझ्यासमोर व्हावी, पाण्याच्या पातळीची खूण मी स्वतः करीन आणि दुसऱ्या दिवशी ती बघूनच अहवालावर सही करीन. दांडीचा आधार भिंत उघडी असतानाच बसवावा, नंतर ते जमणार नाही. बेडरूमची भिंत आणि दाराची चौकट दुरुस्त करण्याचा खर्च कंपनीने करावा. यातलं काहीही जादा काम म्हणून माझ्या नावावर लावू नये, कारण यातलं बहुतेक सगळं मूळ करारातच आहे आणि उरलेलं त्या करारातलं काम न झाल्यामुळे उद्भवलं आहे.

अंतिम हप्त्याची आपली मागणी मला मिळाली. काम करारानुसार पूर्ण होऊन चाचणी यशस्वी झाली की तो त्याच दिवशी देईन, त्याआधी नाही. जमिनीच्या कामावर पाणी न गळण्याची नव्याने लेखी हमी हवी, आणि तिची मुदत दुरुस्ती पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्तीचा लेखी कार्यक्रम माझ्याकडे यावा. तो आला नाही तर मी हे काम दुसऱ्याकडून करून घेईन आणि त्याचा खर्च व नुकसानभरपाई कायदेशीर मार्गाने आपल्याकडून वसूल करीन. त्यासाठी लागणारे फोटो, व्हिडिओ, करारपत्र आणि तो अहवाल यांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत, मूळ कागद माझ्याकडे आहेत.

पाहणीला ज्यांनी अहवालावर सही केली ते पर्यवेक्षक आणि आराखडा करणारे गृहस्थ, असे दोघेही एकाच वेळी यावेत. येण्याची वेळ आदल्या दिवशी कळवावी, म्हणजे शॉवर त्या दिवशी न वापरता कोरडा ठेवता येईल आणि पाणी त्यांच्यासमोरच सोडता येईल.

आपली,
एक ग्राहक