पार्किंगच्या गेटवरचा कॅमेरा परक्या गाड्या आत सोडतो, त्याबद्दल तक्रार

दि. १८ ऑगस्ट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातल्या आमच्या सोसायटीने फेब्रुवारीत तुमच्याकडून बूम बॅरिअर आणि नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा बसवून घेतला. ही आमची तिसरी तक्रार. पहिल्या दोन फोनवर केल्या, त्यांचे नुसते तक्रार क्रमांक मिळाले. म्हणून आता लेखी.

सुरुवातीपासून गेट घरच्याच गाड्या अडवायचं. आमचे वॉचमन मामा म्हणायचे, "साहेब, हे आपल्याच माणसाला वळखंना!" एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी सहानंतर तर रांगच लागायची, कारण कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला आणि समोर मावळतीचं ऊन. रात्री वेगळीच तऱ्हा. इन्फ्रारेड दिव्याचा झोत प्लेटवर पडला की फोटोत अक्षरांच्या जागी पांढरा पट्टा. तुमचा माणूस म्हणाला, जुन्या प्लेटा काढा, एचएसआरपी म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावा. अहो, माझं ऑटो पार्ट्सचं दुकान आहे! आमच्या ४२ गाड्यांपैकी ३९ गाड्यांना एचएसआरपीच आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती मुळातच येते, जुन्यांना आम्ही चकरा मारून बसवून घेतली. आणि उजेड परत फेकणं हा त्या प्लेटचा दोष नाही, ती नियमानेच तशी असते. दिवा कमी-जास्त करणं तुमचं काम.

इथपर्यंत आम्ही चालवून घेतलं. पत्राचं कारण पुढचं आहे.

जूनमध्ये तुमच्या तंत्रज्ञाने लॅपटॉप जोडून काहीतरी केलं आणि गेट पटापट उघडायला लागलं. आम्ही खूश होऊन त्याला चहा-पोहे दिले. ५ ऑगस्टच्या रात्री फ्लॅट ३०२ च्या जागेवर एक अनोळखी पांढरी गाडी उभी दिसली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ३०२ चीच गाडी आत आल्याची नोंद. ३०२ वाले तर सकाळीच गाडी घेऊन अंबाजोगाईला गेलेले. फोटो मोठा करून पाहिला. शेवटचे चारही आकडे तेच, फक्त मालिकेचं, म्हणजे त्या आकड्यांआधीच्या दोन अक्षरांतलं, एक अक्षर वेगळं. ३०२ चा नंबर पैसे भरून घेतलेला, पसंतीचा. असा नंबर दर मालिकेत कोणी ना कोणी घेतोच. गाडी १०४ च्या पाहुण्यांची निघाली, हे नशीब. दांडा आपोआप वर गेला म्हणून ते बिचारे सरळ आत आले.

तंत्रज्ञाला फोन लावल्यावर कळलं, त्याने "एक अक्षर चुकलं तरी चालेल" अशी सेटिंग करून ठेवली होती. आमच्याकडे पहिली चार अक्षरं जवळजवळ सगळ्यांची सारखीच, एमएच २०. ओळख पटवायला उरतात सहा. त्यातलंही एक सोडून दिलं, तर मग कॅमेरा हवा कशाला? मामा चेहरा बघून तरी सोडायचे.

खरं तर नंबरात कुठे अक्षर येणार आणि कुठे आकडा, हे ठरलेलं असतं. मालिकेत आय आणि ओ ही अक्षरं देतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. एवढं सॉफ्टवेअरला शिकवलं तर 'बी' चा आठ आणि आठाचा 'बी' होणार नाही, आणि कुणाची चूक माफ करायची गरजही पडणार नाही.

तेव्हा ती सेटिंग आजच्या आज बंद करा. कॅमेरा दहा फुटांवरून खाली घ्या, त्याला उन्हाची टोपी लावा आणि तोंड थोडं फिरवा. लाईट गेल्यावर दांडा खालीच अडकतो, बॅटरी बॅकअपचे पैसे आम्ही कोटेशनप्रमाणे भरलेले आहेत, ती बॅटरी अजून आलेली नाही. जूनपासूनच्या सगळ्या नोंदी फोटोंसह पाठवा, म्हणजे आणखी कोण कोण आमच्या नावावर आत आलं ते आम्हीच तपासू.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर देखभालीचा पुढचा हप्ता मिळणार नाही आणि आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी सहाला पाठवा. दुपारी सगळं नीटच दिसतं.

आपला,
सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था
सिडको, छत्रपती संभाजीनगर

सोबत : ५ ऑगस्टचा फोटो, बॅटरीच्या पैशाची पावती