मिरजेच्या मिस्त्रीमामांना, मनापासून

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी पैसे देताना मला धड बोलताच आलं नाही. घसा दाटून आला होता आणि तुम्ही तर तोवर पुढच्या गाडीच्या बॉनेटखाली शिरलाही होतात. तुमच्या हाताखालचा पोरगा हे मोबाइलवर वाचून दाखवेल, या आशेनं चारचौघांत लिहिते आहे.

आईचं डायलिसिस दिवसाआड मिरजेला असतं, आम्ही तासगावचे. जाताना ती गप्पा मारते, येताना अंगात त्राण उरत नाही, मागच्या सीटवर आडवी होते. आणि आमची गाडी रस्त्यावर मख्खन पळायची, पण थांबली की अख्खी थरथरायची. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा आठशेच्या आसपास स्थिर राहायला हवा, तो खाली घसरायचा, पुन्हा उसळायचा, कधी तर सिग्नललाच इंजिन बंद. आई डोळे मिटूनच म्हणायची, "थांबवू नको गं कुठं." विश्रामबागच्या चौकातून गाडी न थांबवता कशी न्यायची, सांगा!

तुमच्याआधी ज्यांच्या दारात गेले, त्यांची नावं घेत नाही. एकानं प्लग बदलले, एकानं कॉइल बदलली, एकानं थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी झडप, साफ करून बिल हातात दिलं. फरक शून्य. एसी लावलेल्या चकचकीत वर्कशॉपमध्ये सांगितलं, "मॅडम, तीन सिलिंडरचं इंजिन आहे, थरथरणारच." तीन सिलिंडरची गाडी चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा जास्त थरथरते, हे मलाही कळतं. पण हेच इंजिन इतकी वर्षं शांत चालत होतं, त्याचं काय? याला उत्तर नव्हतं. आणखी एकानं थेट इंजिनकाम काढलं, चाळीस हजारांची तयारी ठेवा म्हणाला, आणि वर, "साहेबांना घेऊन या, त्यांना नीट समजावून सांगतो." गाडी मी चालवते. हप्ते मी फेडले. आईला त्यातून मी नेते. ते वाक्य अजून सलतं.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलंत, "गाडी तुम्हीच चालवता न्हवं? मग तुम्हीच सांगा. सकाळी थंड असताना करती का गरम झाल्यावर?" इतक्या जणांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. सगळे गाडी रात्रभर ठेवून घ्यायचे आणि सकाळी थंड इंजिन बघायचे. थंड इंजिनला पेट्रोल जरा जास्तच जातं, म्हणून तेव्हा दोष झाकला जायचा. तुम्ही म्हणालात, "बंद करू नका, चालूच राहू द्या." आणि ऐकत उभे राहिलात. आपल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर कान देऊन बसतात, तसे.

मग ते घडलं, ज्यासाठी मी हे लिहिते आहे. तुम्ही पोराकडून स्वच्छ फडकं मागवलंत, मला म्हणालात, "ओढणी मागं बांधा, पट्ट्यापासून लांब ऱ्हावा, आणि बोट द्या हितं." थ्रॉटलच्या मागं, खालच्या अंगाला, वरून दिसतही नाही अशा जागी रबरी पाइपच्या वळणावर फट होती. रबर तापून मऊ झालं की ती उघडायची. मी फडक्यावरून बोट दाबलं आणि इंजिन शांत झालं. काटा जागेवर. बोट काढलं, पुन्हा थरथर. पुन्हा ठेवलं, पुन्हा शांत. तुम्ही मला तीनचार वेळा करू दिलंत. घाई केली नाहीत.

मामा, तुम्ही तो पाइप गुपचूप बदलला असता तरी गाडी सुधारली असतीच. पण माझ्या बोटाखाली ती शांत झाली, हे तुम्ही मला अनुभवू दिलंत. मग सांगितलंत, की गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन आतून जोरात ओढ घेतं, तेव्हा एवढ्याशा फटीतूनही बाहेरची हवा शिरते, पेट्रोल त्या मानानं कमी पडतं आणि इंजिन अडखळतं. रस्त्यावर थ्रॉटल उघडा, हवेचा लोंढाच येतो, त्यात या फटीची काय मिजास! म्हणूनच गाडी पळताना छान वाटायची. कुणी इतकं समजावून सांगेल याची मी आशाच सोडली होती.

नव्या पाइपचे, क्लिपचे आणि मजुरीचे तुम्ही जे घेतलेत ते आधीच्या एका कॉइलच्या पैशांइतकंही नव्हतं. जुना पाइप न मागता माझ्या हातात ठेवलात.

डायलिसिसच्या खोलीतल्या सिस्टर सुई टोचायच्या आधी आईला सांगतात, "आजी, आता टोचते हं." पंपावरचा पोरगा "झिरो बघा" म्हणतो आणि बघेपर्यंत थांबतो. असली माणसं भेटली की मला दिवसभर बळ येतं. समोरच्याला कळायला हवं, तो त्याचा हक्क आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. हुशार माणसं खूप भेटली हो मामा या काळात, मोठ्या खुर्च्यांतली. समोरच्याला माणूस मानणारी मोजकीच.

आई आता परतीच्या वाटेवर झोपते. परवा कवलापूर मागं पडलं तरी तिला जाग नव्हती. तुम्हाला आशीर्वाद सांगितलाय तिनं.

आणि हो, आमच्या शाळेतल्या एका बाईंची गाडी एसी लावला की सिग्नलला मरगळते. त्यांना तुमचा पत्ता दिलाय. गाडी थंड असताना असं होतं की गरम झाल्यावर, ते आठवडाभर बघून ठेवा आणि मगच जा, असं सांगितलंय. शनिवारी दुपारी येतील. एकट्याच येतील.

तुमची,
तासगावची ताई