बाथरूमचं काम काढलेल्यांसाठी

नमस्कार मंडळी,
पावसाळ्याआधी बऱ्याच जणांनी तोडफोड सुरू केलीय. वॉटरप्रूफिंग झालं की जाळीत बोळा घट्ट कोंबून दोन बोटं पाणी भरा, पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि ४८ तास थांबा. खालच्या घरात जाऊन छत स्वतः बघा. ‘काही होत नाही साहेब’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकून मी लगेच फरशी बसवली. खालच्या काकूंच्या देवघरावर ओल उतरली आणि सगळं पुन्हा फोडलं. फरशीआधी पाइपांचे फोटो मोजायची टेप धरून काढा, पुढे ड्रिल मारताना कामी येतात. राडारोडा मुठेकाठी किंवा टेकडीवर ओतणाऱ्या टेम्पोला देऊ नका. दुपारी १ ते ४ तोडफोडीचं ब्रेकर मशीन बंद. पुण्यात हे वेगळं सांगायला नको.
– सचिव