ताईची पहिली ट्रेल हाफ

मित्रा,

फोटो तू बघितलेस, पण फोटोतून काहीच कळत नाही म्हणून एवढं लिहितोय. तुझ्या ताईने सिंहगडाची २१ किलोमीटरची ट्रेल रेस, म्हणजे डोंगरवाटेवरची शर्यत, पूर्ण केली आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्यासोबत होतो.

रोडवरची हाफ मॅरेथॉन आणि ही, अंतर तेच पण मामला पूर्ण वेगळा. पायथ्याच्या आतकरवाडीतून गडाच्या पुणे दरवाज्यापर्यंतच साधारण ६०० मीटरचा चढ आहे, तिथे पेस, म्हणजे पळण्याचा वेग, बघून काय करणार? ताई सारखी घड्याळ बघायला लागली तेव्हा मी म्हटलं, ते बाहीखाली ढकल, माझ्याशी सलग वाक्य बोलता येतंय तोवर पळ, शब्द तुटायला लागले की चाल. मुरलेले ट्रेल रनरसुद्धा खडा चढ मांडीवर हात टेकवून चालतच जातात रे, पण मागून पोरं भराभर पुढे जाताना बघून हे पटणं सोपं नसतं. चढावर मी मुद्दाम तिच्या मागे राहिलो. नवख्या माणसाच्या पुढे गेलं की तो नकळत आपल्या वेगाने पळायला लागतो आणि वर पोचेपर्यंत संपतो.

गडावर एक मावशी मडक्यातलं दही घेऊन बसल्या होत्या. ताई थांबलीच. म्हणाली, "आईला इथलं दही फार आवडायचं." रेस चालू, कट-ऑफ, म्हणजे पोचायची शेवटची वेळ, डोक्यावर, पण मी एक शब्द बोललो नाही. तिने उभ्या उभ्या अख्खं मडकं संपवलं, मावशींना पैसे दिले, ओढणीसारखा गळ्यात टाकलेला रुमाल नीट बांधला आणि मलाच म्हणाली चल. काकूंच्या आजारपणानंतर ती घराबाहेर पडत नव्हती हे तुला माहीतच आहे, त्यामुळे ती मिनिटं मला फार मोलाची वाटली.

खरी परीक्षा गडाच्या कल्याण दरवाज्याच्या पुढच्या उतारावर होती. नुसता घसारा! वाळलेली माती, वर बारीक खडी. ताई कारवीचं झुडूप धरून उभी, पाय आडवे रोवलेले, म्हणे मी बसूनच उतरते. इथे मी पुढे झालो, म्हणजे कुठे पाय टाकायचा ते तिला दिसेल. टाच रोवून मागे झुकलं की पाय हमखास सरकतो, म्हणून गुडघे थोडे वाकवायचे, वजन पायांवर ठेवायचं, पावलं छोटी छोटी आणि नजर तीन-चार पावलं पुढे. ती चार पावलं यायची, थांबायची, परत चार पावलं. मग थांबणं कमी होत गेलं आणि खालच्या बांधापाशी आली तेव्हा चक्क पळत होती, आणि ओरडली "अरे, मी उतरले!"

त्यानंतर पाय भरून आले, ते येणारच होते. उतारावर मांड्या सतत ब्रेक मारत असतात, स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणून चढापेक्षा उतारच जास्त दुखवतो. ती नुसतं पाणी पाणी करत होती, पण एवढ्या घामावर नुसतं पाणी पीत राहिलं की अंगातलं मीठ आणखी पातळ होतं, म्हणून मी इलेक्ट्रॉलचं क्षारांचं पाणी आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा पुढे केला. तोंड वाकडं करून खाल्लं बाईने.

शेवटी गावचा डांबरी रस्ता लागला. एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, पुढच्यापर्यंत चालायचं, असं ठरवलं. बोलणं बंद. मग एका खांबाशी मी सवयीने चालायला लागलो तर ही थांबलीच नाही! पळत पुढे निघून गेली आणि फिनिशपर्यंत मीच तिच्या मागे. कट-ऑफच्या आत, व्यवस्थित.

आज जिना उतरताना कठडा धरतेय पण खुशीत आहे. रविवारी फोन कर तिला. वेळ किती लागला ते विचारू नकोस, घसाऱ्याचं विचार, अर्धा तास बोलेल.

तुझाच