पॅकेज घेण्याआधी

ता. अमळनेर, जि. जळगाव
आषाढ

प्रिय सुन्या,

मावशीसाठी ते वर्षाचं पॅकेज घेऊ का, चोवीस तास डॉक्टर व्हिडिओवर, तू हो म्हण की आजच पैसे भरतो, असा तुझा मेसेज आला. मोबाइलवर उत्तर लिहायला बसलो तर अंगठाच भरून आला. म्हणून हे पत्र. पावसाची झड लागलीय, निंदणीला बाया आल्या नाहीत, मीही घरीच आहे. वेळच वेळ.

आधी हे सांगतो की मी फोनवरच्या डॉक्टरीच्या विरोधात नाही. आमच्याकडे अण्णांच्या पायापासून ते पुतण्याच्या पोटापर्यंत सगळं फोनवर दाखवून झालंय. धुळ्याला जायचं म्हणजे एसटी, रिक्षा, नंबर लावून बसणं, सोबत जाणाऱ्याची एक रोजी बुडणं. एवढं करून डॉक्टरांनी "तीच गोळी चालू ठेवा" म्हणावं, यासारखा वैताग नाही. तेवढ्यासाठी फोन सोन्यासारखा. पण तू पॅकेजमध्ये डॉक्टर कोण, किती शिकलेला, एवढंच बघतोयस. फोनच्या या टोकाला मावशीजवळ कोण उभं राहणार, ते तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

अण्णांचंच ऐक. त्यांची बीपीची गोळी बदलून ॲम्लोडिपिन दिली होती. काही आठवड्यांत दोन्ही पाय असे सुजले की चप्पल चढेना. मग काय, ओट्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण डॉक्टर. कोणी किडनी म्हणालं, कोणी हृदय, एकाने तर केळी जास्त खाता म्हणून सांगितलं. (चोपड्याकडची सोयरिक, केळी घरात असायचीच!) मी धुळ्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना व्हिडिओ लावला. घरात रेंज नाही, म्हणून अण्णांना धरून धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर नेलं, खाटेवर बसवलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा मलाच कामाला लावलं. फोन वहिनीकडे द्या, तुम्ही नडगीच्या हाडावर अंगठा दाबा, दाबून दहापर्यंत मोजा, आता सोडा, कॅमेरा जवळ आणा. अंगठा उचलला तर तिथे खळगा, आणि तो भरून येईचना. मग प्रश्न सुरू. सूज दोन्ही पायांना सारखी आहे की एकाच पायाला? सकाळी असते की संध्याकाळी वाढते? पिंढरी दुखते का? लघवीला फेस येतो का? रात्री दम लागून उठून बसावं लागतं का?

"नाही, नाही, झोप चांगली," अण्णा म्हणाले. मागून वहिनी म्हणाली, "खोटं बोलतात. परवा रात्री दोनदा उठून बसले होते." डॉक्टरांनी तिलाच पुढे बोलावलं आणि खोदून खोदून विचारलं. दम होता की नुसती झोप मोडली? उशा किती लागतात? शेवटी निघालं ते असं की दम नव्हता, मच्छरदाणी फाटली होती. पण हे अण्णांच्या तोंडून कधीच आलं नसतं. वजनही मागितलं, ते कापसाच्या काट्यावर करून कळवलं. लघवी आणि क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीची तपासणी अमळनेरला करून रिपोर्टचा फोटो पाठवला, तो ठीक निघाला. त्या गोळीने काही जणांचे पाय असे सुजतात, असं त्यांनी समजावलं, गोळी बदलली, आणि सूज ओसरत गेली. मनाने गोळी बंद करू नका, हेही दटावून सांगितलं, कारण अण्णांनी तोवर ते ठरवून टाकलंच होतं.

खाली उतरताना अण्णांचा शेरा काय? "नाडी नई धरी, फी मातर पुरी!"

आता हे जमलं कशामुळे? डॉक्टरांनी अण्णांना आधी समोर बसवून तपासलेलं होतं, त्यांची फाइल त्यांच्याकडे होती. आणि या बाजूला अंगठा दाबायला मी होतो, खोटं पकडायला वहिनी होती.

धाकट्याच्या पोराचं तर याहून भारी. रात्री पोट दुखायला लागलं, आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. वहिनीला वाटलं शेवभाजी जास्त झाली. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांना व्हिडिओ लावला. पोटाला हात लावायची सोय नाही, तर त्या बाई म्हणाल्या, "त्याला लंगडी घालायला सांगा." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. पोरगं एकदाच उडालं आणि उजवी कूस धरून खालीच बसलं. बाईंचा आवाज बदलला. आता याला खायला-प्यायला काही देऊ नका, दुखण्याची गोळी नको, सकाळची वाट बघू नका, सर्जनकडे निघा. अपेंडिक्स होतं. धुळ्याला ऑपरेशन झालं, आता गडी पुन्हा लंगडीत सगळ्यांना आउट करतोय. त्या बाईंनी फोनवर औषध दिलं नाही, हीच त्यांची खरी हुशारी.

उलटं उदाहरणही आहे, तेही तुझ्या त्या पॅकेजसारखंच. शालकाने असंच एक ॲप घेतलं होतं, नाव नाही लिहीत. मला ताप आणि खोकला होता. बटण दाबलं की डॉक्टर हजर, हे खरं. पण दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून रामायण. त्या बाबाने कॅमेऱ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. किती दिवसांपासून, ॲलर्जी आहे का, संपलं. माझं बोलणं संपायच्या आत अँटिबायोटिकची चिठ्ठी मोबाइलवर. चालू असलेल्या गोळ्या कोणत्या, हे विचारलंच नाही. मेडिकलवाल्यानेच चिठ्ठी बघून नाक मुरडलं. ती गोळी मी घेतलीच नाही, आपल्या पीएचसीत जाऊन आलो.

कायदा काही अगदीच ढिला नाही बरं का. करोनात लॉकडाउन लागलं तेव्हाच, 25 मार्च 2020 ला, केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले. डॉक्टरने आपलं नाव सांगायचं, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहायचा, पेशंट कोण हे विचारून घ्यायचं. काही औषधं पहिल्या वेळी व्हिडिओशिवाय लिहून देता येत नाहीत, काही फक्त जुन्या पेशंटला चालतात, आणि अंमली पदार्थांच्या कायद्यात बसणारी फोनवर द्यायचीच नाहीत. अण्णा एकदा झोपेची गोळी मागत होते, तेव्हा डॉक्टर "समोर या, मग बघू" म्हणाले. अण्णांना राग आला, मला बरं वाटलं. तू त्या कंपनीच्या चिठ्ठीचा नमुना मागव. त्यावर नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे बोलायलाच नको.

सरकारी ई-संजीवनी, म्हणजे व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवायची सोय, तुला ठाऊक असेल. 2020 मध्ये लोकांना घरबसल्या सुरू झाली ती. घरून लावता येते, पण मला आवडते ती उपकेंद्रातली. आपल्या जुन्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर नाव आहे. तिथल्या सीएचओ, म्हणजे आरोग्य अधिकारी मॅडम आधी बीपी, शुगर, ताप बघतात, मग स्वतः शेजारी बसून पलीकडच्या डॉक्टरांशी जोडून देतात. परवा मी अण्णांना घेऊन गेलो होतो. अण्णा "डोकं जड वाटस, चक्कर येस" करत होते, पलीकडच्या तरुण डॉक्टरला काही उमगेना. मॅडमनी नीट मराठीत सांगितलं, शिवाय "सकाळपासून यांनी काही खाल्लं नाही, एकादशी आहे आणि शुगरची गोळी घेतलीय" हे आपणहून जोडलं. तिथेच उलगडा झाला. अण्णांना साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने शुगर पुन्हा मोजली. हे सगळं फुकट. सर्व्हर कधी बंद, कधी लाइट नाही, हे आहेच. तरी मावशीला तिथपर्यंत चालत जाता येतं, हे विसरू नकोस.

आता एक तुला म्हणून सांगतो, घरात फक्त हिला माहीत आहे. कापसाला भाव नव्हता त्या हिवाळ्यात माझी झोप उडाली होती. दिवसभर हात चालायचे, डोकं चालायचं नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे तालुक्यात कोणीतरी ओळखीचं दिसणार, आणि संध्याकाळपर्यंत पारावर विषय. हिने कुठेतरी भिंतीवर 14416 वाचलं होतं. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, 2022 पासून सुरू आहे, रात्रंदिवस, पैसे लागत नाहीत. मी मळ्यातल्या खोलीतून लावला. आधी भाषा विचारतात, मराठी निवडली. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही याचंच मला नवल वाटलं. जेवण कसं आहे, दारू आहे का, जीव द्यावा असं मनात येतं का, हे सरळ विचारलं. इतकं सरळ मला कोणीच विचारलं नव्हतं. पुन्हाही लावला, पुढे त्यांनी डॉक्टरांशी जोडून दिलं. या एका बाबतीत मात्र समोरासमोरपेक्षा फोनच बरा पडला. तोंड दिसत नव्हतं म्हणून तर बोललो.

फोन कधी करायचाच नाही, तेही लिहून ठेव. छातीत दाब, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात न उचलणं, शुद्ध हरपणं, साप चावणं. आपल्याकडे पावसाळ्यात शेवटचं रोजचंच. तिथे व्हिडिओ लावण्यात वेळ घालवायचा नाही, 108 लावायचा आणि जी गाडी दारात असेल ती काढायची. आणि दवाखान्याचा नंबर नेटवर शोधून लावू नकोस. भाऊबंदकीतल्या एकाला अशाच नंबरवरून "नोंदणीचे दहा रुपये या लिंकवर भरा" म्हणाले आणि खातं धुऊन नेलं.

आता मावशी. ती तुला फोनवर रोज काय सांगते, "बरं शे, तू तुनं काम कर." तीच मावशी त्या डॉक्टरलाही "बरं शे" म्हणणार, आणि तू पुण्यात स्क्रीनवर मान डोलावणार. तिचा फोन बटणांचा, डाव्या कानाने ऐकू कमी, मोतीबिंदूचं अजून झालेलं नाही. तिला व्हिडिओ लावून देणार कोण? शेजारची नर्मदाआत्याची नात बारावीला आहे, पोरगी चटपटीत आहे. मी तिच्याशी बोललो, ती तयार आहे. तिला महिन्याला काही दे, फुकट राबवू नकोस. गावातल्या आशाताईंनाही सांगून ठेवलंय.

पॅकेजच्या पैशांतून दंडावर बांधायचं बीपीचं मशीन घे, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसायचं, बाही वर करायची, हात छातीच्या पातळीला. दोनदा मोजून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. गोळ्यांची पाकिटं फेकायची नाहीत, फोटो काढायला लागतात. आणि एकदा तू स्वतः ये, मावशीला एका चांगल्या डॉक्टरांपुढे बसव, डोळ्यांचं ठरव, फाइल कर. मग त्याच डॉक्टरांकडून पुढचं फोनवर. त्यांना फोनवर बघण्याची फी दे, ओळखीत उरकू नकोस.

मी रविवारी मावशीकडे जाणार आहे. जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो तुला पाठवतो, धन्याची पूडही द्यायचीय तिला. मशीन ऑनलाइन मागवलंस तर पत्ता माझ्या घरचा टाक, कुरिअरवाला तुमच्या वाड्यापर्यंत येत नाही. आणि पॅकेजला सध्या नाही म्हणून कळव, ते लोक सारखे फोन करतील, उचलू नकोस. कानबाईच्या सणाला येतोस ना? रोट करायचे आहेत, आधी कळव म्हणजे डॉक्टरांची वेळ त्याच दिवसांत घेऊन ठेवतो.

तुझा,
बाळू