तीन वेळा सर्व्हिसिंग करूनही गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा दोष न शोधल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
(ज्या कंपनीची गाडी मी १३ वर्षं वापरतोय ती कंपनी)

विषय: पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १६.५ वरून ११ वर आलं, तुमच्या जळगावच्या सर्व्हिस सेंटरने कारण न शोधताच बिलं लावली, त्याबाबत.

स.न.वि.वि.

मी अमळनेरला राहतो, गाडी २०१२ ची, १२०० सीसी पेट्रोल, पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. अमळनेर-धरणगाव-जळगाव आणि परत असा ठरलेला रूट, मिसेसला धरणगावला शाळेत सोडायचं आणि मी पुढे जळगावला कामाला, त्यामुळे या गाडीचं अ‍ॅव्हरेज मला तोंडपाठ आहे. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, परत त्याच पंपावर फुल करून भागाकार करायचा, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. इतकी वर्षं १६ ते १७ मिळायचं. २०२५ च्या पावसाळ्यात ते घसरायला लागलं आणि ऑगस्टमध्ये ४१८ किलोमीटरला ३८ लिटर गेलं, म्हणजे सरळ ११.

महिन्याला माझं रनिंग साधारण १३०० किलोमीटर आहे. १६.५ ला ७९ लिटर लागायचं तिथे ११८ लिटर लागायला लागलं, लिटरला १०५ रुपये धरले तरी महिन्याला चार हजार जास्तीचे. आमच्या घरात ही रक्कम छोटी नाहीये.

ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर अशा तीन वेळा मी गाडी तुमच्या सेंटरला दिली, आणि तिन्ही जॉब कार्डवर "अ‍ॅव्हरेज कमी" हे मी स्वतः लिहायला लावलंय. पहिल्यांदा ऑइल आणि एअर फिल्टर झाला (३५७० रुपये), दुसऱ्यांदा चारही प्लग बदलले (१४८०), तिसऱ्यांदा इंजेक्टर क्लिनिंग आणि थ्रॉटल बॉडी क्लिनिंग (३१५०). एकूण ८२०० रुपये. अ‍ॅव्हरेज ११ चं ११.२ सुद्धा झालं नाही. बदललेले जुने प्लग मागितले तर म्हणे टाकून दिले.

आणि प्रत्येक वेळी उत्तर काय तर "सर, आता इथेनॉलवालं पेट्रोल येतं ना, आणि गाडी पण जुनी झाली". इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज पडतं हे मला मान्य आहे, त्यात पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ताकद कमी असते. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की ज्या चारचाकी साध्या पेट्रोलसाठी बनल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवल्या त्यांना २० टक्क्यांच्या पेट्रोलवर ६ ते ७ टक्के फटका बसू शकतो. १६.५ चे ७ टक्के म्हणजे सव्वा किलोमीटरसुद्धा होत नाही हो, आणि माझे साडेपाच गेलेत. बाकीचे सव्वाचार किलोमीटर कुठे गेले हे शोधायचं काम तुमच्या माणसाचं होतं, तेच त्याने केलं नाही.

शेवटी जानेवारीत मीच एक गोष्ट बघितली. सकाळी थंडीत निघालो की हायवेला टेंपरेचरचा काटा वर जाऊन परत खाली यायचा, आणि मिसेस म्हणायची हीटर लावलाय तरी कोमटच हवा येते. गावातल्या एका गॅरेजवाल्या दादाला सांगितलं तर त्याने बॉनेट उघडून थंड इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या होस पाईपवर हात ठेवून नुसता उभा राहिला. पाईप आधी गार राहायला पाहिजे आणि मग एकदम तापायला पाहिजे, इथे पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत होता. तो म्हणाला, "भाऊ, इंजिन गरमच नही व्हई ऱ्हायनं." मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून एक चक्कर मारली, कूलंट (इंजिनात फिरणारं पाणी) ६२ डिग्रीच्या वर जाईना, जिथे ८५-९० पाहिजे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी झडप, काढून उजेडाकडे धरला तर थंड असताना सुद्धा कडेने फट दिसत होती, म्हणजे तो उघडाच अडकलेला. इंजिन अजून थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहणार, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढूनच ठेवल्यासारखं. मे महिन्यात आपल्याकडे ४४ डिग्रीत हा दोष झाकून जातो, पाऊस आणि थंडी आली की दिसतो.

त्याच चकरेत त्याने चारही चाकांना हात लावून बघितलं, मागचं डावं चाक हात ठेववत नव्हता इतकं तापलेलं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, ब्रेकचं लायनर ड्रमला घासतच होतं. हे तर तुमच्याकडे गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं असतं तरी कळलं असतं, तीन वेळा सर्व्हिसिंगमध्ये कोणी फिरवलं नाही का?

थर्मोस्टॅट, कूलंट आणि केबल मिळून २६५० रुपये लागले. त्यानंतरच्या टाकीला ४५२ किलोमीटरला २९.५ लिटर गेलं, म्हणजे १५.३. आता जो एक-सव्वाचा फरक उरलाय तो इथेनॉलचा असेल तर माझी काही तक्रार नाही.

ऑइल आणि एअर फिल्टरचे पैसे मी मागत नाही, ते ड्यूच होते. पण प्लग, इंजेक्टर आणि थ्रॉटलचे ४६३० रुपये परत पाहिजेत, कारण ती कामं अ‍ॅव्हरेजच्या नावाखाली काहीही न तपासता केली. तिन्ही वेळा स्कॅनर लावला असेल तर त्याचं रीडिंग द्या, लावला नसेल तर तसं लेखी द्या. आणि तुमच्या ॲडव्हायजर लोकांना सांगा की जुनी गाडी घेऊन येणारा माणूस नवी घेऊ शकत नाही म्हणूनच ती सांभाळत असतो, त्याला "गाडी जुनी झाली" हे उत्तर देऊ नका, आधी काटा बघा, चाकाला हात लावा.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि तिथून नाही झालं तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तिन्ही बिलं, जॉब कार्ड आणि माझ्या वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडलेत. जुना थर्मोस्टॅट मी टाकलेला नाही, डिकीत पिशवीत ठेवलाय, तुमचा माणूस येईल तेव्हा त्याच्या हातात देतो.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव