ओल्या कातळावरील रहिवासी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घाटरस्त्यांवर दरडी कोसळू नयेत म्हणून कातळाला जाळ्या ठोकल्या जातात, सिमेंटचा गिलावा दिला जातो. प्रवाशांच्या जिवासाठी हे काम करावेच लागते. मात्र त्याआधी त्या कातळाची जैविक पाहणी भर पावसाळ्यात व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सह्याद्रीच्या पाझरत्या कड्यांवर 'क्रेम्नोकोंकस' ही गोगलगायींची प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) राहते. शंख सेंटिमीटरभराचाही नसतो. हिचे बहुतेक सगेसोयरे समुद्रकाठच्या खडकांवर किंवा खारफुटीत राहतात. त्या कुळात गोड्या पाण्यावर जगणारी प्रजाती ही एकटीच. भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६३ मध्ये तिच्यातील एका जातीला सह्याद्रीवरूनच 'सिहाड्रेन्सिस' हे नाव दिले. २०१३ मध्ये कर्नाटकातील घाटांतून सहा नव्या जातींची नोंद झाली आणि एकूण संख्या नऊवर गेली. आपल्या महाराष्ट्रात त्यांपैकी तीनच आहेत.

गेल्या श्रावणात एका ओघळाशेजारी भिंग घेऊन बसलो असता, पाण्याच्या पातळ पदराखाली शेवाळ खरवडत चाललेल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या डझनभर गोगलगायी मला दिसल्या; वीतभर अंतरावरच्या कोरड्या दगडावर मात्र एकही नव्हती. एप्रिलमध्ये पुन्हा तिथेच गेलो, तेव्हा कातळ काळाठिक्कर आणि निर्जीव भासला. विजेरीच्या उजेडात एका भेगेत पाहिल्यावर त्या गोगलगायी तोंडावरचे झाकण घट्ट मिटून एकमेकींना खेटून बसलेल्या सापडल्या. उन्हाळ्यात पाहणी करणारा 'येथे काही नाही' असेच लिहून जाणार, आणि नेमक्या त्याच भेगा गिलाव्याने बुजणार.

समुद्रातील त्यांच्या बऱ्याच भाऊबंदांची पिले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जाऊन नवा खडक धरतात. कड्यावरच्या गोगलगायीला ती सोय नाही. एक ओघळ गेला की शेजारच्या डोंगरावरून तिथे पुन्हा वस्ती होणे फार कठीण.

गिलाव्यामागे पाणी तुंबले तर दरडीचा धोका वाढतो, म्हणून अभियंते निचऱ्यासाठी भोके ठेवतातच. तेव्हा जिथे बारमाही किंवा पावसाळी पाझर आहे तेवढा पट्टा उघडा ठेवून केवळ जाळीवर काम भागते का, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे आणि जून ते सप्टेंबरमधील पाहणीची अट निविदेतच घालावी.

आपला,
एक वाचक